समुद्राकडचे बावीस माड

गुहागरच्या त्या वाडीत आडवे पडलेले माड आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ती नारळाची वाडी एका विधवा बाईंची. नवऱ्याने हयातीत तिथे पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या, आणि सरकारने अख्ख्या वाडीवर बिनशेती कर लावला. तो भरायचा तर वाडी विकावी लागणार. बाई उच्च न्यायालयात गेल्या. निकाल आला: खोल्यांवर आणि मोकळ्या जागेवर कर, झाडे उभी आहेत ती जागा शेती, तिला कर नाही. आता फक्त मोजणी व्हायची होती.

तेवढ्यात बाई मुलीकडे दापोलीला जाऊन आल्या. पाहतात तर समुद्राकडची बावीस माडांची सगळी रांग तोडलेली. संशय पुतण्यावर, कारण त्याला वाडी विकायची होती, आणि झाडे गेली की त्या जागेवरही कर बसणार होता. गुन्हा नोंदवून त्याला बोलावले.

"काकीशी भांडलो, कबूल. पण मी मुंबईत कामावर होतो. हजेरी बघा, साहेब!"

हजेरी खरी निघाली. पंचनाम्यात मला वेगळेच खटकले होते. खाऱ्या वाऱ्याने वांझ झालेले माडच तेवढे तोडले होते. आतले फळते माड शाबूत. दुष्मन असा निवडून तोडत नाही.

मग शेजारची मासेवाली ठाण्यात आली. "पुतण्याला कशाला छळताव? गड्याला इचारा. कुऱ्हाड त्याचीच वाजत व्हती."

गडी म्हणजे वाडीचा म्हातारा राखणदार. तक्रार द्यायला बाईंसोबत तोच आला होता, तेव्हा बाहेर बाकावर बसून होता. त्याला बोलावले, समोर बसवून चहा दिला. पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, "मीच तोडले."

"का रे बाबा?"

"माझा बापूस माडावर चढून माडी काढायचा. माडामागं सरकारी पट्टी भरायचा. माड कमी तर पट्टी कमी. बाईंचा भार हलका व्हावा म्हणून तोडले. त्या रडाय लागल्या, मग बोलायला तोंडच व्हईना."

बाईंनी कोर्टात तडजोड केली, खटला मिटला. मोजणी मात्र मिटली नाही. माड तोडलेली जागा मोकळी म्हणून कराखाली गेली आणि वर्षभरात वाडी विकली गेली.

गुन्हा उघडकीस आला की पोलिसाला समाधान वाटते. त्या वेळी वाटले नाही. निकाल वकिलाने बाईंना समजावला, बाईंनी मुलीला, पुतण्याला. रोज त्या झाडांखाली वावरणाऱ्याला कुणी दोन वाक्यांत सांगितला नाही. मी सांगितला, तो जबाबावर त्याचा अंगठा घेतल्यावर.

तो त्याला पटला असेही नाही. वाडी विकल्यावर बाजारात भेटला, हळूच म्हणाला, "साहेब, आणखी तोडायला हवे व्हते काय?"