धंदा सुरू झाल्याची तारीख

निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे एकच अधिकार उरलाय, सही-शिक्क्याचा. पासपोर्ट असो, बँकेचं काम असो, आमच्या भागात कुणालाही खरेपणाची सही लागली की तो शनिवारी सकाळी माझ्या व्हरांड्यात येतो. मी सही फुकट करतो आणि त्या बदल्यात मनसोक्त बोलून घेतो. चाळीस वर्षं मास्तरकी केल्यावर ही खोड जात नाही.

त्या शनिवारी आयोनी ईबँक्स आली, ती गरम बाम्यांची टोपली घेऊनच. कसावाचा कंद किसायचा, रस पिळून टाकायचा आणि उरलेला कीस लोखंडी कड्यात थापून भाजायचा, की बामी होते. हे काम आमच्या सेंट एलिझाबेथ परगण्यातल्या निम्म्या बायकांना येतं. पण तळलेल्या माशाबरोबर आयोनीची बामी एकदा खाल्ली की दुसरीची घशाखाली उतरत नाही. तिनं लग्न केलं नाही. आईला शेवटची सहा वर्षं उचलून आंघोळ घातली, आणि तेव्हाही चूल थंड पडू दिली नाही. मला तिचं फार कौतुक आहे, पण तोंडावर कधी बोललो नाही.

"टीचर, सही हवी. धंद्याची नोंदणी करतेय," ती म्हणाली.

"आत्ता? रिटायर व्हायचं वय झालं की तुझं."

"तुम्ही तरी कुठे झालात? शिक्का उशाशी घेऊन झोपता म्हणे."

किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलाला रोज दोनशे बाम्या हव्या होत्या, पण नोंदणीचा कागद नसेल तर ते मालाला हात लावणार नव्हते. सोमवारी संध्याकाळपर्यंत कागद दाखवला नाही, तर काम मँडेव्हिलच्या एका कारखान्याकडे जाणार होतं. तिनं अर्ज नीट भरला होता. एकच जागा कोरी होती. धंदा कधी सुरू झाला?

"आजची तारीख टाक," मी म्हटलं. "सगळे तेच करतात. जुनी टाकलीस तर उशिराचा दंड, वर शंभर प्रश्न. कागद लटकला की हॉटेल गेलं म्हणून समज."

"आज सुरू केला म्हणू, तर कालपर्यंत विकलं कुणी?"

"अगं, फॉर्म आहे तो, बायबल नाही."

"मग तुमच्या सहीच्या वर काय लिहिलंय? वरील मजकूर खरा आहे, असंच ना?"

साठीच्या का होईना, विद्यार्थिनीकडून असं ऐकून घ्यायची मला सवय नाही. मी चष्मा पुसत बसलो. ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "आजची तारीख घातली की आई पुसली जाते, टीचर. तिच्या नावावर घर नव्हतं, जमीन नव्हती. हे एवढंच तिनं केलं होतं."

"बरं, मग खरी तारीख सांग. पन्नास वर्षांपूर्वीची कुणाच्या लक्षात राहणार?"

"तारीख नाही, दिवस आठवतो. बाबा ऊस तोडायला फ्लोरिडाला गेला, त्यानंतरचा पहिला गुरुवार. शुक्रवारच्या बाजारासाठी आईनं मला अंधारात उठवलं. किसून, पिळून शाळेत पोचले, तर प्रार्थना संपलेली." मग ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तारीख तुमच्याकडे असणार. तुम्ही लिहून घेतली होतीत."

तेव्हा मला कळलं की ही नुसत्या सहीसाठी आलेली नाही.

त्या काळी शाळेत शिक्षेची वही असायची. छडी मारली की तारीख, मुलाचं नाव, कारण आणि किती छड्या, सगळं लिहावं लागे. मी बावीस वर्षांचा नवाकोरा मास्तर होतो आणि त्या वहीतल्या माझ्या अक्षराचा मला भारी गर्व होता. पुढे मोठ्या वादळात शाळेचं छप्पर उडालं. भिजलेल्या वह्या मी वाळवायला घरी आणल्या आणि त्या ट्रंकेतच राहिल्या. मी ट्रंक उघडली. फार शोधावं लागलं नाही.

गुरुवार, १५ नोव्हेंबर १९७३. आयोनी ईबँक्स, वय नऊ. उशिरा आली. कारण, घरी बामीसाठी कसावा किसत होती. छड्या चार.

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. कारण मला माहीत होतं, मी ते वळणदार अक्षरात लिहीत होतो, आणि तरी मारत होतो. मला लाज वाटली. आयोनी माझ्या खांद्यावरून वाचत होती. "बघा, गुरुवारच," एवढंच ती म्हणाली. मी तारीख भरून सही केली.

सोमवारी तिच्याबरोबर मीही गेलो. नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीनं अर्ज वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मिस ईबँक्स, तेव्हा तुम्ही नऊ वर्षांच्या होता. धंदा आईचा होता ना?"

"आई भाजायची आणि बाजारात बसायची. किसणी माझ्या हातात होती. दोघींचा होता."

"पुरावा आहे काही?"

मी वही पुढे सरकवली. मुलीनं ओळ वाचली, पुन्हा वाचली. "हे मारणारे सर कोण?"

"मी," मी म्हटलं.

मुलगी वही घेऊन आत साहेबांकडे गेली. घड्याळात चार वाजत आले होते आणि आयोनी टोपलीची कड घट्ट धरून बसली होती. बऱ्याच वेळानं मुलगी बाहेर आली. "साहेब हो म्हणालेत. उशिराचा दंड मात्र पडेल."

"पडू दे," आयोनी म्हणाली.

"आणि या पानाची झेरॉक्स फाइलला लागेल. मशीन त्या कोपऱ्यात आहे."

वही मीच मशीनवर नेली. खिशातल्या लिफाफ्याची एक पट्टी फाडली आणि पान पालथं घालण्याआधी छड्यांच्या रकान्यावर धरली. आयोनी शेजारी येऊन उभी राहिली.

"ते काढा, टीचर."

"सरकारला छड्यांचं काय करायचंय? तारीख दिसली, कारण दिसलं, झालं."

"त्याही धंद्यातच गेल्यात," ती म्हणाली. "राहू द्या."

मी पट्टी काढून घेतली.