मास्तर कुणाकडे राहणार?

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेलीत, पण हुबळीतलं त्या मास्तरांचं प्रकरण मात्र अजून लख्ख आठवतं. खून नाही, दरोडा नाही. एक म्हातारा घरातून निघून गेला, एवढंच. नावं कुणाचीच सांगत नाही, ती माणसं अजून गावात आहेत.

मी तेव्हा विद्यानगरच्या बाजूच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. दफ्तर सगळं कन्नडमध्ये, पण समोरचा मराठी निघाला की माझी जीभ आपोआप वळायची. पितृपक्ष सुरू होता. सकाळची हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तेवढ्यात चाळिशीचा एक गृहस्थ आला. खाजगी कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. वडील कालपासून बेपत्ता आहेत म्हणाला. धारवाडच्या हायस्कुलातले निवृत्त मास्तर, बायको वारलेली, फोन घरीच ठेवून गेलेले.

"त्यांना हल्ली काही आठवत नाही, साहेब. आणि त्यांना कुणी नेलं तेही मला माहीत आहे. माझ्या बायकोनं. म्हणजे, आधीच्या."

घटस्फोट नुकताच झाला होता. कोर्टात ठरलेली पोटगीची रक्कम त्याला एकदम द्यायची होती आणि त्यासाठी राहतं घर विकायचं होतं. घर मास्तरांच्या नावावर. गिऱ्हाईक ठरलेलं, सही तेवढी राहिलेली.

हरवलेल्या माणसाचे नातेवाईक मी पुष्कळ पाहिलेत. ते आधी विचारतात, जिवंत असेल ना हो? काही खाल्लं असेल का? या पठ्ठ्यानं विचारलं, वडील सापडले नाहीत तर सहीचं काय करायचं? मी मनात म्हटलं, बरं आहे! पण तेवढ्यावरून माणूस वाईट ठरत नाही. डोक्यावर कोर्टाची मुदत असली की भलेभले असंच बोलतात.

बेपत्ता म्हणून नोंद केली. वर्णन वायरलेसवर गेलं. दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन, सगळीकडे माणसं धाडली. दुपारी आमच्या ओळखीचा एक रिक्षावाला आपणहून ठाण्यात आला. "धोतर, काळी टोपी, कापडी पिशवी. उणकल हत्तिर बिट्टेन्री," म्हणाला. उणकलजवळ सोडलं होतं त्यानं. आणि मुलाची आधीची बायको उणकललाच तळ्याच्या बाजूला भाड्यानं राहत होती. एका कॉलेजात शिकवायची.

मला वाटलं, झालं काम. महिला कॉन्स्टेबल तिच्या घरी जाऊन सगळ्या खोल्या बघून आली. म्हातारा नव्हता. मग बाईंना ठाण्यात बोलावलं.

"तुमचे सासरे कुठे आहेत?"

"माझ्या घरात नाहीत, साहेब. तुमच्या बाईंनी बघितलंय की."

"मग कुठे आहेत?"

"ते त्यांना विचारून सांगते."

मी चाटच पडलो. संशयित उभ्याउभ्या खोटं बोलतात, रडतात, वकिलाची धमकी देतात. विचारून सांगते, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दोन तास प्रश्न विचारले, उलटसुलट विचारले. आवाज चढवला नाही तिनं, आणि पत्ताही दिला नाही. "अण्णा ठीक आहेत, वेळेवर जेवतात," एवढंच.

आमच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो, फायदा कुणाचा? इथं उत्तर सरळ होतं. मास्तरांनी सही केली की घर विकलं जाणार आणि पैसे हिला मिळणार. म्हणजे म्हाताऱ्याला कुठेतरी ठेवून सहीसाठी त्याच्यामागे लागली असणार. हेड कॉन्स्टेबलही म्हणाला, सर, अपहरणाचा गुन्हा दाखल करूया. मी थांबलो. धाक दाखवणारी बाई म्हातारा वेळेवर जेवतो का, याची नोंद ठेवत नाही.

संध्याकाळी मुलाला पुन्हा बोलावलं. सहज विचारलं, आईचं श्राद्ध कधी असतं?

"ते अण्णाच बघतात. मला काय की, नक्की माहीत नाही."

आई नवऱ्याच्या आधी गेलेली. म्हणजे पितृपक्षातली अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध त्याच दिवशी करतात, हे आमच्या घरातलं मला ठाऊक. नवमी दुसऱ्या दिवशीच होती. जुन्या वळणाचा मास्तर, एकवेळ घर सोडेल, बायकोची नवमी सोडणार नाही. आणि नवमी करायची तर भटजी हवेत.

त्यांचे नेहमीचे भटजी धारवाडला. फोन लावला. भटजी बिचारे मोकळ्या मनाचे. "होय की, मास्तरांचा निरोप आलाय. उद्या उणकलला, सुनेच्या घरमालकाकडे, खालच्या मजल्यावर. आणि गेल्या वर्षी मी तर्पणात त्यांच्या आजेसासूबाईंचं नाव गाळलं होतं, ते ऐकवलं हो मला! यंदा गाळू नका म्हणाले."

काही आठवत नाही म्हणे!

सकाळी जीप न घेता साध्या कपड्यांत गेलो. मुलाला बरोबर घेतलं, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. घरमालक एकटा म्हातारा होता. त्याची पुढची खोली मास्तरांनी रीतसर भाड्यानं घेतलेली. वरच्या मजल्यावर सून. आमच्या कॉन्स्टेबलनं वरचं घर पाहिलं, खाली विचारलंच नव्हतं.

मास्तर पाटावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "इन्स्पेक्टर ना? बसा. पिंडं उचलेपर्यंत काही विचारू नका."

मी बसलो. दुसरं काय करणार? सून ओल्या केसांनी आतून वाढून आणत होती. भटजी जरा कुजबुजले, स्वयंपाक हिच्या हातचा, म्हणजे आता ही... मास्तरांनी मान वर केली. "हिच्या हातचं माझी बायको शेवटपर्यंत जेवली, तिला आज ते चालत नाही होय?" भटजींनी पुढचा मंत्र सुरू केला.

नंतर जबाब घेतला. मास्तर स्वतःच्या पायांनी आले होते.

"घर विकून हिचं देणं फेडायचं, मान्य. पण मग माझं काय, विचारलं याला. तर वृद्धाश्रम बघून ठेवलाय म्हणे. खोलीत टीव्ही आहे म्हणे!"

मी सुनेकडे वळलो. "तुम्हाला पैसे नकोत का?"

"हवेत की! माझे आहेत ते, सोडणार नाही. पण अण्णांना बाहेर काढून नकोत. हप्त्यानं दे म्हणते मी, कोर्टात तसं लिहून देते."

"लोक काय म्हणतील, अण्णा?" मुलगा एकदम बोलला. "सुटलेल्या सुनेकडे राहतात म्हणून?"

मास्तरांनी शेजारचा पाट पुढे सरकवला. "घटस्फोट तुम्हा दोघांचा झाला. मला कोर्टानं बोलावलं नव्हतं. मी हिला सोडलेलं नाही, आणि तुलाही सोडलेलं नाही. जेवायला बस, आईचं पान आहे."

तो बसला. पहिला घास घेताना रडला. मी बाहेर येऊन उभा राहिलो, ते बघणं माझ्या कामात बसत नव्हतं. बेपत्ता इसम सापडला, स्वखुशीनं राहत आहे, असा शेरा मारून प्रकरण बंद केलं. घर विकलं गेलं नाही. मास्तर उणकललाच राहिले, मुलगा रविवारी येत असे, असं पुढे कळलं.

म्हाताऱ्या बापाला सांभाळायची जबाबदारी मुलावर आहे, कायद्यात स्पष्ट आहे. सुटलेल्या सुनेवर कसलीच नाही. जिच्यावर कसलीच नव्हती तिच्यावरच मी संशय घेतला, कारण फायदा कुणाचा एवढंच विचारायची सवय. कुणाला कोण हवं आहे, हे विचारायला आमच्या खात्यात शिकवत नाहीत. मी ते त्या घरी शिकलो.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मुलाचं आणि सुनेचं मोडलं. वकिलांची बोलणी झाली, दागिने, भांडी, फ्रिजसुद्धा वाटून झाला. माझं कुणी काही काढलं नाही. मग मी सुनेला एकट्यानं फोन केला. म्हटलं, अधूनमधून तुझ्याकडे आलो तर चालेल का?

"हे काय विचारायचं झालं, अप्पा?" ती म्हणाली.

मी म्हटलं, विचारायचंच असतं, पोरी.