वरण वाढणारा मॅनेजर

शेगावात आज माझं स्वतःचं लॉज आहे. बापाच्या पैशावर नाही, जिभेच्या जोरावर उभं केलेलं. तरुणपणी मी दुसऱ्याच्या लॉजसाठी स्टेशनबाहेर उभा राहायचो. उतरलेल्या भाविकाचा चेहरा पाहूनच कळायचं, किती सांगायचं आणि कितीवर यायचं. नाही जमलं तर भांडायचो, आणि भांडूनही गिऱ्हाईक घेऊनच यायचो.

मग त्या लॉजचा मालक बदलला. नव्या मालकाने ठरावीक दरांचा फलक लावला, काउंटरवर कॉम्प्युटर ठेवला, सगळ्यांना निळे गणवेश शिवले. खोल्या साफ करणाऱ्या बायका म्हणाल्या, आम्ही घालणार नाही. माझं तर कामच गेलं होतं.

आमचा मॅनेजर डोणगावचा. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. त्याने हुकूम सोडला नाही. सकाळी आलो तर तोच निळा गणवेश घालून पायऱ्या झाडत होता. बाह्या जेमतेम कोपरापर्यंत.

"भाऊ, बँडवाले दिसून राह्यले तुम्ही!" एक मावशी म्हणाली.

"मंग चाला, वरात काढू."

हसता हसता बायकांनी गणवेश घेतले.

दुपारी गिऱ्हाइकांची जेवणं झाली की नोकरांची पंगत बसायची. वाढायला भाऊ. स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवायचा. वरण वाढताना वाकून हळूच विचारायचा, "काय जमून नाही राह्यलं?" केबिनमध्ये बोलावलं असतं तर आम्ही तोंड उघडलं नसतं. ताटावर वाकलेल्या माणसाला मात्र सगळं सांगता यायचं.

मी चिडून म्हणालो, "भावच नाही करायचा, तर मी काय करू? घंटी वाजवू?"

"माणूस पाहून तुले समजते ना बे? कोनाचे गुडघे दुखतात, कोनाले खालची खोली पाहिजे? काउंटरवर बस. खोल्या तू दे."

मला कॉम्प्युटर येईपर्यंत तो शेजारी उभा राहिला. तेवढे दिवस गिऱ्हाइकांना चहाही तोच नेऊन द्यायचा. आणि सगळं सुरळीत झाल्यावर एक दिवस नोकरी सोडून गावी निघून गेला. मला न सांगता. तो राग मी आजवर जपला आहे.

यंदा माझ्याच लॉजवर तीच पाळी आली. खोल्या मोबाइलवर बुक होऊ लागल्या. गेलेलं गिऱ्हाईक मागाहून मोबाइलवरच पाचपैकी तारे देतं. एकच तारा आला की मी कामाच्या बायकांवर ओरडायचो. शेवटी त्यांनी सांगितलं, गुरुवारपासून येणार नाही. गुरुवारी तर पाय ठेवायला जागा नसते. पगार वाढवून पाहिला, पण कोणी मान हलवली नाही. मग गाडी काढली आणि डोणगाव गाठलं.

भाऊ ओसरीवर बुद्धाच्या तसबिरीखाली तूर निवडत बसला होता. केस पार पिकलेले.

"जेवला का?" पहिला प्रश्न हाच. ताट आलं. वाढायला तोच.

"चाला माह्यासंगं," मी म्हणालो. "मॅनेजर व्हा. पगार तुम्ही सांगा, मी भाव करणार नाही."

"तू अन् भाव करणार नाही?" तो हसला. "नाही येत मी. माह्यं झालं आता."

"मंग तवा न सांगता काऊन गेले?"

भाकरी वाढता वाढता त्याचा हात थांबला. "सांगतलं असतं तर तू मले जाऊ देलं असतं काय?"

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"तुह्या बाया काऊन सोडून राह्यल्या?" त्याने विचारलं.

"पगार बी वाढवून पाह्यला मी," मी म्हणालो.

"पंगतीत वाढून पाह्य," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लॉजवर बायकांची पंगत बसली, तेव्हा मी वरणाचं पातेलं उचललं.

"शेठ, ताटात वाढा, लुगड्यावर नको!" सगळ्या हसल्या.

टोकाला बसलेल्या बाईपाशी वाकून मी विचारलं, "काय जमून नाही राह्यलं?"

भात कालवता कालवता ती म्हणाली, "तारा कमी कायले देला, ते तुम्ही सांगतच नाही, शेठ. निस्ते वरडता. वाचून दाखवा ना, आमी करू बराबर."

तेव्हापासून गिऱ्हाइकांनी लिहिलेलं मी पंगतीतच वाचून दाखवतो. गुरुवार पार पडला. बायका आल्या.

सगळ्यांचं झालं की मी एकटा जेवायला बसतो. वाढायला कोणी नसतं. भाऊ असाच शेवटी बसायचा, तेव्हा त्याच्या ताटावर वाकून कोणीतरी त्यालाही तेच विचारायला हवं होतं. मी विचारणार होतो. तेवढीही सवड त्याने मला दिली नाही.