बुडीत खात्याची कॅप्टन

माझ्या आत्याला राग आला की आधी तिचे दात दिसेनासे होतात. जबडा मिटतो, नाकपुड्या फुगतात, आणि मग जे बाहेर पडतं ते नीट ऐकू यावं म्हणून खालच्या मजल्यावरचे आजोबा स्वतःचा टीव्ही बंद करतात. एकदा मधेच शांतता झाली तर त्यांनी जिन्यातून हाक मारून विचारलं होतं, "संपलं का?"

दात हा आत्याचा धंदाच. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे येतात, त्यांच्यावर ती कवळ्या बनवते. मेण तापवायचं, एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर टेकवून चावा जुळतो का बघायचं. मान खाली, तोंड बंद. "दिवसभर लोकांची तोंडं घडवायची, मग संध्याकाळी स्वतःचं उघडायला नको?" असा तिचा सवाल असतो, आणि त्याला उत्तर द्यायची कोणाची टाप नाही.

संध्याकाळी तोंड उघडायची जागा म्हणजे 'खोल पाणी'. हा इंटरनेटवरचा खेळ. ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून एकच बोट चालवतात आणि वादळात अडकलेली जहाजं दोरखंडाने ओढून बंदरात आणतात. कोणी इंजिन बघतं, कोणी दोर, कोणी पाणी उपसतं, आणि सुकाणू कॅप्टनच्या हातात. कॅप्टन आत्या. टोळीचं नाव 'बुडीत खातं', तेही तिनेच ठेवलेलं. टोळीत कोणी कोणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पोपट अखंड बोलतो. मास्तर प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करतात. सूनबाई मधेच गप्प झाली की समजायचं, सासूबाई खोलीत आल्या.

आत्याचा एकच नियम होता: लबाडी नाही. अशा खेळात धुक्यापलीकडचं दाखवणारी, दोर फेकताना आपोआप नेम धरणारी चोरटी सॉफ्टवेअर मिळतात. बुडीत खात्यात त्याचं नाव जरी काढलं तरी आत्या फाडून खायची. पोपटाने एकदा चिडवलं, "कॅप्टन, खोट्या दातांचा धंदा करणारीने आम्हाला खरेपणा शिकवायचा म्हणजे कमाल आहे."

"अरे पोपटा, आम्ही ते खोटे आहेत असं सांगून देतो! घेणाऱ्याला माहीत असतं. झोपताना काढून पेल्यात ठेवतो तो!"

यावर मास्तरांनी घसा साफ केला आणि काहीच बोलले नाहीत. म्हणजे मुद्दा मान्य.

आता तिचा कॉम्प्युटर. तो म्हातारा. त्याच्यावरच्या सिस्टीमची मुदत संपली, आणि नवीन सिस्टीम त्याला झेपणार नव्हती. चांगला धडधाकट डबा नुसता वय झालं म्हणून फेकायचा, हे ऐकूनच आत्याचे दात दिसेनासे झाले. शेवटी तिने त्यावर लिनक्स टाकून घेतली, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली फुकटची सिस्टीम. खेळाच्या कंपनीच्या हिशेबात ही सिस्टीमच नाही. पण एक मधला दुभाष्या प्रोग्राम असतो, तो खेळाचं बोलणं लिनक्सला आणि लिनक्सचं खेळाला समजावून सांगतो. त्याच्या जिवावर आत्याची बोट मजेत चालली होती. कोणाचं काही म्हणणं नव्हतं.

मग कंपनीने खेळाच्या दारात पहारेकरी बसवला. लबाड खेळाडू पकडण्यासाठी. तो आधी विचारायचा, कुठली सिस्टीम? आत्याच्या मशीनने खरं सांगितलं. पडद्यावर पाटी आली: 'आपल्या सिस्टीमवर हा खेळ चालवता येणार नाही.'

तो आठवडा घरातल्या भांड्यांना विचारा. झाकणं वेगळी, पातेली वेगळी आदळत होती. "काल चालत होतं, आज चालत नाही म्हणजे? मशीन तेच, मी तीच, समुद्र तोच! मेल्यांनो, मला दारात अडवायला मी काय चोर आहे?" एकीकडे हे, आणि दुसरीकडे आतोबा, म्हणजे तिचा नवरा, कोपऱ्यात लसूण सोलत बसलेले. आतोबांचा आवाज म्हणजे बादलीत ठेवलेल्या मोबाइलचा आवाज. "बघतो... काहीतरी... होईल."

आतोबा कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करतात, आणि त्यांची पद्धत सगळ्या गल्लीला पाठ आहे. मशीनच्या दाराचा स्विच बिघडला की दार नीट लागलेलं असूनही मशीन म्हणतं, दार उघडंय, मी नाही फिरणार. नवा स्विच मिळेपर्यंत गिऱ्हाईकाचे कपडे पाण्यात कुजतात. मग आतोबा दोन वायरी एकमेकींना जोडून देतात. मशीनला वाटतं दार लागलंय, आणि ते फिरायला लागतं. "मशीनला तसं वाटलं पाहिजे, बस." हे आतोबांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. ते एवढंच आहे.

एका दुपारी आत्या कामावर असताना त्यांनी तिचा कॉम्प्युटर उघडला. इंटरनेटवर कोणीतरी उपाय लिहिला होता, तो वाचून सेटिंगमध्ये एक ओळ घातली. संध्याकाळी आत्याने बटण दाबलं आणि बोट सुरू झाली.

"काय केलंस रे?"

"काही नाही. जरा... जोडलं."

आत्याने त्या आनंदात आमच्या घरी फोन केला आणि माझ्या बाबांना, म्हणजे स्वतःच्या भावाला, सांगितलं, "दादा, एवढ्या वर्षांत या माणसाने माझ्यासाठी केलेलं पहिलं धड काम!" आतोबा मागून ऐकत होते. आता मला सांगा, अशा वेळी कुठला नवरा तोंड उघडेल?

पुढे सगळं सुरळीत चाललं. बुडीत खात्याची बोट एवढी वर चढली की 'मोठ्या खेपे'त तिची निवड झाली. ही वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत, रविवारी दुपारी, ज्यात फक्त निवडक टोळ्या घेतात. सूनबाईने त्यासाठी सासूला भाचीकडे पाठवायची व्यवस्था केली होती.

शर्यतीच्याच आठवड्यात आत्याने बटण दाबलं आणि लाल पाटी आली. 'अप्रामाणिक खेळामुळे आपलं खातं वर्षभरासाठी बंद करण्यात आलं आहे.' आणि तशीच पाटी टोळीतल्या सगळ्यांच्या पडद्यावर: तुमच्या कॅप्टनला लबाडीबद्दल काढण्यात आलं आहे.

यावेळी भांडी आदळली नाहीत. आत्या खुर्चीत बसून राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मला लबाड म्हणाले." खालचे आजोबा टीव्ही बंद करून वाट बघत राहिले.

मग ती उसळली. टोळीचं बोलणं एरवीही फोनवरच्या ग्रुपवर चालायचं, तिथे जाऊन तिने सगळ्यांना ऐकवलं, "माझ्या मशीनमध्ये काडीचीही लपवाछपवी नाही. माझ्या शब्दावर विश्वास आहे का नाही, आत्ता सांगा!"

"आहे म्हणजे काय!" पोपट किंचाळला. "कॅप्टनला काढलं तर आपण रविवारी जायचंच नाही. घाला ती खेप चुलीत!"

मास्तरांनी घसा साफ केला. "अंहं. मी सहमत आहे. मी कंपनीला कडक पत्र लिहितो."

"मीपण नाही जाणार," सूनबाई म्हणाली, आणि एकदम गप्प झाली. सासूबाई.

झालं. वर्षभराची मेहनत त्या सगळ्यांनी आत्याच्या एका शब्दावर ओवाळून टाकली. आणि आत्या कंपनीच्या मदत खिडकीवर तुटून पडली. तिथला माणूस असा बोलायचा, जणू तोंडात साखरेचा खडा धरलाय.

"नमस्कार! आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आपल्या भावना आम्ही समजू शकतो."

"माझ्या भावना समजल्या असत्या ना, तर तू खुर्ची सोडून पळाला असतास. मी काय चोरलंय ते सांग!"

"आपण शांतपणे..."

"मी शांतच आहे! हा माझा शांत आवाज आहे!"

असं बराच वेळ चाललं. शेवटी त्या माणसाची साखर विरघळली असावी, कारण त्याने पहिल्यांदाच सरळ सांगितलं, "हे बघा ताई, नेम धरायचं सॉफ्टवेअर वगैरे काही सापडलेलं नाही. पण तुमच्या कॉम्प्युटरने आमच्या पहारेकऱ्याला स्वतःची सिस्टीम खोटी सांगितली. लिनक्स असताना दुसरीच सांगितली. नुसती लिनक्स असती तर तुम्हाला फक्त आत घेतलं नसतं, बंदी घातली नसती. बंदी आहे ती खोटं सांगितल्याची. आणि हे आपोआप होत नाही. कोणीतरी मुद्दाम ओळ घालावी लागते."

आत्याने फोन ठेवला. स्वयंपाकघरातला लसूण सोलण्याचा आवाज थांबला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या दोघांचं प्रेमलग्न, एरवी सगळं 'तू' आणि 'अरे'. पण राग पार डोक्यात गेला की आत्या आतोबांना एकदम मानाने बोलवते.

"आपण जरा बाहेर येता का?"

आतोबा आले. हातात लसणाची पाकळी तशीच.

"आपण माझ्या मशीनला काय केलं होतंत?"

"दाराचा... म्हणजे... स्विच जोडतो तसंच गं. त्याला वाटलं पाहिजे ना, की..."

"त्याला वाटलं पाहिजे! आणि मला? मला काय वाटलं पाहिजे ते कोणी ठरवलं? आपणच ना? मी जगाला ओरडून सांगतेय, माझ्याकडे लपवाछपवी नाही, आणि आपण इथे बसून लसूण सोलताय!"

"तू चिडली होतीस. आठवडाभर. मला... बघवेना."

"मग चिडू द्यायचं! माझा राग काय तुमचं बिघडलेलं मशीन आहे, वायरी जोडून चालू करायला? दार खरंच लागलेलं असतं तेव्हा तुम्ही वायर जोडता. इथे त्यांनी दार बंद केलं होतं. माझ्या तोंडावर! चुकीचं केलं होतं, मूर्खासारखं केलं होतं, पण समोरून केलं होतं. मी त्यांच्याशी उघड भांडले असते. आता कुठल्या तोंडाने भांडू? लबाड म्हणाले ते खरंच निघालं की!"

आतोबांनी लसणाची पाकळी खिशात टाकली. ते म्हणाले, "ग्रुपवर मी सांगतो. मी केलं म्हणून."

"काही गरज नाही. शब्द मी दिलाय."

आणि लगेच, उभ्या उभ्या, तिने टोळीला फोन लावला. सगळे आले. मास्तर त्यांचं कडक पत्र वाचून दाखवायला लागले होते, तिने मधेच तोडलं.

"पत्र फाडा. माझ्या मशीनने खोटं सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं, पण मशीन माझं, खातं माझं, आणि तुम्हाला शब्द दिला तोही माझा. न तपासता दिला. तो चुकला. कंपनी गाढव आहेच, लिनक्सवाल्याला दारात उभं करत नाही, त्याबद्दल मी त्यांना जन्मभर सोडणार नाही. पण बंदी बरोबर आहे. तेव्हा रविवारी मुकाट्याने जायचं."

पोपट पहिल्यांदाच गप्प होता. एवढा वेळ, की मास्तरांना वाटलं लाइन गेली.

"न तपासता आम्हीपण ओरडलोच की," शेवटी तो म्हणाला. "पण कोणी केलं हे?"

"माझ्या घरात झालं. पुढे विचारू नकोस."

"सुकाणू कोण धरणार?" सूनबाईने विचारलं.

"तू."

"मी? कॅप्टन, मला धड..."

"सासूबाईंना चुकवून इतकी वर्षं बोट चालवतेयस, वादळाला काय घाबरतेस!"

आतोबांनी दुसऱ्या दिवशी माझ्या बाबांचा ऑफिसचा लॅपटॉप आणून गुपचूप टेबलावर ठेवला. त्यावर कंपनीला हवी तीच सिस्टीम होती. नवं खातं, दुसरं नाव, कोणाला कळलंही नसतं. आत्याने तो उघडलासुद्धा नाही. "घेऊन जा आपण. परत जोडाजोडी?"

रविवारी दुपारी ती मेणाचे दात घेऊन बाहेरच्या खोलीत बसली. कोणाचीतरी घाईची कवळी होती म्हणे. आतोबा आतल्या खोलीत ग्रुपचा फोन स्पीकरवर लावून बसले होते, त्यांचा स्वतःचा आवाज बंद करून. बाहेरून कॅप्टनने काही सांगायचं नाही, अशी तिचीच सक्त ताकीद. तरी दार उघडं ठेवलेलं होतं आणि सगळं ऐकू येत होतं. वारा, पोपट, मास्तरांचा घसा.

"दोर ताणलाय! डावीकडे घेऊ?" सूनबाई ओरडली.

बाहेरच्या खोलीत आत्याचे दात दिसेनासे झाले. मेणाची सुरी टेबलात रुतली. आतोबा तिच्याकडे बघत होते. आवाज चालू करायला त्यांनी फोनच्या बटणावर अंगठा ठेवला, तेव्हा तिने फक्त डोळे वटारले. अंगठा उचलला गेला.

सूनबाईने डावीकडेच घेतली. बोट कलंडली, पाणी भरलं, पोपट रडायच्या बेतात आला. तरी दोर तुटला नाही. जहाज बंदरात लागलं तेव्हा आणखी दोन टोळ्या आधीच पोचल्या होत्या.

"तिसरे! आपण तिसरे!" फोनमध्ये नुसता गोंधळ. मग त्यात सूनबाईचा बारीक आवाज, "कॅप्टन, तुम्ही ऐकताय ना?"

आतोबांनी फोन बाहेर आणून तिच्यासमोर धरला. आवाजाचं बटण दाबून. तिने आधी त्यांच्याकडे बघितलं, आठवडाभरात पहिल्यांदाच नीट, आणि म्हणाली, "धर नीट, हात हलतोय तुझा."

मग फोनकडे वळून श्वास घेतला. खालचा टीव्ही बंद झाला.

"ऐकतेय! डावीकडे का घेतलीस, बिनडोक?"