रेखाबाईंनी बनवलेली संध्याकाळ

रेखाबाई गेल्याचा फोन यवतमाळच्या दवाखान्यातून आला, तेव्हा मी पिल्लांच्या खोलीत पाण्याची भांडी धूत होते. फोनवर आमचे हे होते. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग म्हणाले, "गेली व रेखा." मी भांडं खाली ठेवलं... आणि पुन्हा उचललं. पिल्लं तहानलेली होती. चार दिवसांचा ताप, एवढंच झालं होतं. गाडीत बसताना त्या माझ्याशी शेवटचं बोलल्या, तेही कामाचंच. "बॅटरीतलं पाणी पाह्यजो वहिनी, इसरू नको."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक बोलले, बाई शांत होती, सोशिक होती. मलाही बोलायचं होतं, पण चार माणसांत माझा आवाज निघत नाही. म्हणून आता, महिनाभराने, वहीत लिहिते आहे. माझी नणंद शांत मुळीच नव्हती.

त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण नणंद म्हणून मी त्यांना अहोजाहो करायची आणि त्या मला अगं-तुगं. लग्नाआधी त्यांनी पुसदला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं होतं. वणीला दिलं, पण तिथे जमलं नाही, म्हणून आमच्या गावी, फुलसावंगीजवळ, परत आल्या. सोबत एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात लुगडी कमी आणि सोल्डरिंगचं सामान जास्त. ओसरीत बसून गावभरचे बंद पडलेले एलईडी बल्ब दुरुस्त करायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारायच्या. मी चहा नेऊन दिला की म्हणायच्या, "बस व जराशी. तोंड असून मुकी काहून राह्यतं तू?"

एका वर्षी बोंडअळीने कपाशी खाल्ली. कापूस ठेवायची खोली दिवाळीनंतरही रिकामी होती. रेखाबाईंनी ती झाडून घेतली, खाली तुसाचा थर टाकला आणि गावरान कोंबडीची पिल्लं आणली. दीडशे. दोन आठवडे छान गेले. मग एका संध्याकाळी दिवेलागणीला लाइट गेली. आम्ही दोघी चुलीपाशी होतो. कंदील घेऊन पोहोचेपर्यंत सगळी पिल्लं घाबरून एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती. वरची जिवंत होती. खालची चाळीस दबून मेली होती... रेखाबाई एकेक पिल्लू हातात घेऊन त्याची मान सरळ करत होत्या.

आमचे हे म्हणाले, "अजून एक खेप करा. ते बी मेले तर पुण्याले जाऊ, बांधकामावर. ठेकेदाराले सांगून ठेवलं हाय म्या."

"तू जाय," रेखाबाई म्हणाल्या. "आमी दोघी इथंच राह्यतो."

पण त्या म्हणाल्या म्हणून काही आम्ही राहणार नव्हतो. पिल्लं जगली तरच राहणार होतो, हे तिघांनाही माहीत होतं.

बॅटरी लावली की लाइट गेल्याचं भय संपेल, असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, नुसती बॅटरी कामाची नाही. झोपायच्या वेळी आपण बटण दाबलं, तरी पिल्लांना तेच एकदम काळोख पडणं. उजेड सूर्यासारखा जायला हवा. उमरखेडहून त्यांनी बॅटरी आणली, एलईडीची पट्टी आणली आणि काडेपेटीपेक्षा लहान असं एक निळं बोर्ड. त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. त्याला काय करायचं ते लिहून द्यायचं, मग ते रोज तसंच करतं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळी पट्टी थेट त्या बोर्डालाच जोडली. धूर निघाला. मी दचकून मागे सरले, पण त्या हसत सुटल्या. "लेकराच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं देल्लं म्या!" मग दुसरं बोर्ड आलं आणि सोबत एक ड्रायव्हर मॉड्यूल. बोर्डाने हुकूम द्यायचा आणि पट्टीचं ओझं मॉड्यूलने उचलायचं. उजेड कमी कसा होतो, हे त्यांनी मला बल्बसमोर बोटं पसरून, हात भराभर हलवून दाखवलं. दिवा खरं तर कमी होतच नाही. तो इतक्या वेगाने बंद-चालू होतो की डोळ्याला कळत नाही, आणि बंद राहण्याची वेळ वाढवत नेली की आपल्याला उजेड मंद वाटतो.

दुसरी खेप पंधरा दिवसांची झाली, तेव्हा आम्ही तिघे दारात उभे राहिलो. वीस मिनिटांत, सारख्या पायऱ्यांनी, दिवा पूर्ण उजेडापासून शून्यापर्यंत उतरणार होता. बराच वेळ काही होतच नाही असं वाटलं. मग शेवटी उजेडाने दोन-तीन उड्या मारल्या आणि एकदम काळोख. पिल्लं किंचाळत कोपऱ्याकडे धावली. रेखाबाई गुडघ्यांवर आत शिरल्या आणि दोन्ही हातांनी ढीग फोडू लागल्या. दोन गेली. आमचे हे नुसते निघून गेले... त्याचंच जास्त लागलं.

"आकड्यात तं बराबर हाय," रेखाबाई पुन्हा पुन्हा कागद बघत होत्या. "सारख्या पायऱ्या हायेत. मंग काहून?"

मी कंदिलाची काच पुसत होते. बोलू की नको असं दोनदा झालं. शेवटी म्हणाले, "रेखाबाई, कंदील बारीक करताना आपण चावी सारखी नाई फिरवत. आधी कशीबी फिरवतो. शेवटी मात्र नखभर, नखभर. तिथं जरासं बी जास्त झालं का भप्पकन जाते."

त्यांनी कागद खाली ठेवला. "चारच बुकं शिकली तू," त्या म्हणाल्या, "मंग हे मले आयटीआयत कोनी काहून नाई सांगतलं?"

त्यांनी सगळं नव्याने लिहिलं. सुरुवातीला मोठ्या पायऱ्या आणि खाली येता येता केसाएवढ्या. अर्धा वेळ शेवटच्या जराशा उजेडासाठी राखला. तीन संध्याकाळी त्यांनी मला रिकाम्या न्हाणीघरात दिव्यासमोर बसवलं. "उडी दिसली?" "दिसली." "आता?" "जराशी." मला खोटं बोलू देत नव्हत्या. चौथ्या संध्याकाळी पिल्लांच्या खोलीत लावलं. पिल्लं दाणे टिपता टिपता थांबली, एकेक करून खाली बसली, मान पंखात घातली. आम्ही कोणीच श्वास सोडत नव्हतो. ती खेप जगली. त्यानंतरच्याही जगल्या. ठेकेदाराचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

रेखाबाई जाऊन तीन आठवडे झाले आणि एका संध्याकाळी दिवा कमीच होईना. पूर्ण उजेड तसाच. बोर्डाचा डबा उघडला तर मॉड्यूल जळून काळं पडलं होतं. आमचे हे म्हणाले, "आता कोन करंल हे? इकून टाकू पिल्लं." मी त्या दिवशी कंदील लावून, पट्टी बंद करून, हाताने वात कमी करत पिल्लं निजवली. मी म्हणाले, "उद्या उमरखेडले जातो."

एकटी मी एसटीने कधी गेले नव्हते. जळकं मॉड्यूल रुमालात बांधून नेलं. दुकानदार म्हणाला, "बाई, घरच्या मान्साले पाठवा. तुमाले नाई समजायचं."

माझे कान गरम झाले. तरी बोलले. "मीच बसवनार हाय. हे बोर्डाचा हुकूम आयकते आन पट्टीचं ओझं उचलते. असंच द्या, याच्याहून लहान नको."

त्याने दिलं. जुनं सोडवताना कोणती तार कुठे होती ते मी वहीत काढून ठेवलं होतं, घरी येऊन एकेक तार त्याच जागी नव्याला लावली. सगळ्या बसल्या. संध्याकाळी दारात उभी राहिले, रेखाबाई रोज राहायच्या तशी, पदर खोचून, चौकटीला हात लावून. उजेड खाली येत गेला, पिल्लं एकेक करून बसत गेली... हे मागून आले आणि विचारलं, "जमलं का व?"

मी मागे न बघता हात वर केला.

"हळू बोला," मी म्हणाले. "एक अजून उभं हाय."