बोटीवर बूट कुठे काढायचे

मी बी.कॉम. झालो तो माझ्या वहिनीमुळे. दहावीनंतर दादाने मला आंब्याच्या बागेत राखणीला बसवायचं ठरवलं होतं. वहिनी तेव्हा घरात नवी, कोणापुढे तोंड उघडत नसे. त्या दिवशी मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "राखणीला कुत्रापण चालतो. भाऊजी शिकतील." पुढे मी कॉलेजातून आलो की ती मला चुलीपाशी बसवून मोठ्याने वाचायला लावायची. ताळेबंद म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, पण मी कुठे अडखळलो ते तिला बरोबर कळायचं. "परत वाचा," म्हणायची.

अशा वाचनाच्या जोरावर मी मीरा रोडला एका टूरवाल्या शेठकडे चिकटलो. चिकटलो म्हणजे ट्रायलवर. शेठ रोज माझ्याकडे असे बघायचे, जसा माणूस दुकानातला पंखा घ्यायच्या आधी चालवून बघतो.

तेव्हा मुंबई बंदरात एक आलिशान प्रवासी बोट लागली होती. बोटवाल्या कंपनीने एजंट लोकांना ती आतून दाखवायचं ठरवलं. शेठची कंबर धरली होती, म्हणून मला बोलावून म्हणाले, "तू जा. भाईंदरची बारा फॅमिली आहे, सगळी जैन. कमरा देख, पण खाना पहिला देख. कांदा नको, लसूण नको, जमिनीखालचं काही नको, आणि सूरज डुबने के पहले ताट समोर. ही पार्टी आली तर तू पक्का. नाही आली तर..." पुढचं त्यांनी कंबर दाबत गिळलं.

मी इस्त्रीचा शर्ट आणि काळे बूट घालून गेलो. आम्ही वीसेक एजंट होतो. दाखवायला होती ती मुलगी दिल्लीकडची, हसतमुख, उंच टाचांची. तिने एका मोठ्या केबिनचं दार उघडलं. आत गुबगुबीत गालिचा, पांढराशुभ्र पलंग, पलीकडे काचेतून समुद्र. परक्याच्या निजायच्या खोलीत बूट घालून शिरायचं मला काही जमेना. मी दाराबाहेर बूट काढले, भिंतीशी नीट जोडून ठेवले आणि आत गेलो.

माझ्या मागे वसईच्या एक जाडजूड एजंट बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं आणि सँडल काढली. त्यांच्यामागच्याला वाटलं, बोटीचा नियम असेल. बघता बघता दाराबाहेर सत्यनारायणाच्या पूजेला असतो तसा चपलांचा ढीग झाला. त्या मुलीला वाटलं, ही इकडची काहीतरी पद्धत असावी. तिनेही बिचारीने टाचा उतरवल्या.

केबिन बघण्यात आम्ही रंगून गेलो. कोणी गादी दाबली, कोणी नळ सोडला, वसईच्या बाई कपाटात जवळजवळ उभ्या राहून आल्या. मग मुलीने आतलं दार उघडून शेजारची खोली दाखवली, आणि तिथल्याच दाराने आम्ही बाहेर पडलो. लिफ्टमध्ये शिरल्यावर एकजण ओरडला, "अरे, माझ्या पायात काय नाय!"

धावत परत गेलो. भिंतीशी काहीच नव्हतं.

"चोरीला गेले? बोटीवर?" वसईच्या बाई म्हणाल्या. "माझ्या लग्नातल्या सँडली होत्या ओ!"

मुलीने फोन केला आणि फोन ठेवून कपाळाला हात लावला. दाराबाहेर बूट ठेवले म्हणजे पॉलिशला दिले, अशी त्या बोटीची रीत होती. सफाईवाल्याने सगळे उचलून नेले होते.

"पहिले कोणी काढले?" कोणीतरी विचारलं. सगळ्यांचे डोळे माझ्या मोज्यांकडे वळले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तो मी उजव्या पायाखाली लपवला.

"घरी गालिचा नाय वाटतं तुझ्या?" एकजण म्हणाला.

"आहे ना, शेणाचा," मी म्हणालो. खरंच होतं ते. लोक हसले, निदान राग तरी थोडा ओसरला.

झुंबरांच्या भोजनगृहात आम्ही अनवाणी जेवलो. बोटीचे मुख्य आचारी टेबलापाशी आले तेव्हा पाय टेबलाखालीच ठेवून मी उभा राहिलो आणि जैन जेवणाचं विचारलं. कांदा-लसणाला ते लगेच हो म्हणाले. बटाट्यावर अडले.

"बटाटाही नाही? मग भाजीत घालू काय?"

"कच्ची केळी," मी म्हणालो. "आमच्या भाईंदरच्या केबिन रोडला केळ्याची पावभाजीसुद्धा करतात."

त्यांनी ते लिहून घेतलं. "आणि जेवण किती वाजता?"

"सूर्य बुडायच्या आत."

"माझ्या स्वयंपाकघराला खिडकी नाही," ते गंभीरपणे म्हणाले. शेवटी बोट चालवणाऱ्यांनी रोज खाली फोन करून वेळ कळवायची, असं ठरलं.

बूट आले ते आरशासारखे चमकत. त्यामुळे नवीनच गोंधळ झाला. आपले बूट प्रत्येकजण धुळीवरून ओळखत होता, आणि धूळच गेली होती. वसईच्या बाईंची बदामी सँडल काळी होऊन आली. मी बहुतेक दुसऱ्याच कोणाचे बूट घालून घरी आलो.

दोन दिवसांनी त्या बारा कुटुंबांतल्या सगळ्यात मोठ्या आजी, सगळ्यांच्या बा, ऑफिसात आल्या. जेवणाचं ऐकून त्यांनी मान हलवली, पण चेहरा हलला नाही. मग विचारलं, "केबिन में हम भगवान का फोटो रखेंगे. चप्पल कहाँ निकालने का?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. कंबर विसरून ताठ बसले होते.

"दरवाजे के अंदर, बा," मी म्हणालो. "बाहेर बिलकुल नहीं. बाहेर रखा तो उठाके ले जाते हैं."

बा पहिल्यांदा हसल्या. शेठना म्हणाल्या, "आ छोकराए बधुं जोयुं छे." म्हणजे, या पोराने सगळं पाहिलंय.

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं.

"वहिनीस नमस्कार.

मी पक्का झालो. शेठनी आज सगळ्यांसमोर सांगितलं. कामासाठी एक मोठी आगबोट आतून पाहिली. दादा विचारेल, तर ती बंदराला बांधलेली होती, मी कुठे गेलो नाही. पलंग एवढा, की आपल्या माजघरात मावणार नाही. भांडी कुठे घासतात ते तुझ्यासाठी मुद्दाम विचारलं. खाली मशीन आहे. जेवण सुरेख होतं, पण ताट मोठं आणि घास एक. पुन्हा वाढायला कोणी आलं नाही. घरी येऊन भात टाकला.

मे महिन्यात तू ये. दादाला बाग सोडवत नसेल तर एकटी ये, मी घ्यायला येईन. उत्तनच्या किनाऱ्यावर जाऊ, तिथून बोटी लांबून दिसतात.

शेठनी विचारलं, घरी कोणाला कळवणार? मी म्हटलं, आधी वहिनीला.

तुझा धाकटा दीर"