टिबुकलीची थोरली बहीण

थोरली बहीण उंच, गोरी, मान ताठ. मी ठेंगणी, काळीसावळी. महाळुंगे पडवळला आमच्या दारात बोहारीण आली, की बहीण म्हणायची, "हिला आईनं जुन्या लुगड्यावर घेतली. टोपलीतली पातेली संपली व्हती, मग काय."

मी असला अकलेचा कांदा, की खरं मानायचे. बोहारणीची हाक आली की बाजेखाली बुडी. आई मला परत देऊन घमेलं घेईल, ही धास्ती. त्यातही शहाणपण असं, की आधी झिपऱ्या विंचरून घ्यायचे. जायचंच झालं तर बदल्यात निदान पितळेचं काही यावं. मग बहीण वाकून म्हणायची, "ये बाहेर, गेली बोहारीण."

यंदा ती माझ्याकडे मढला राहायला आलीय. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत. मला पावणी समजते, माझ्याच घरात मला बसायला सांगते. एकदा, एकदाच तिनं मला ओळखावं, एवढंच मनात घेऊन मी तिच्या मागेपुढे करते.

परवा सकाळी नात आम्हा दोघींना धरणाच्या पाण्यावर घेऊन गेली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. पाण्यावर धुकं होतं. उथळात फ्लेमिंगो उभे होते, पण पाय धुक्यात गेलेले. नुसती गुलाबी अंगं हवेत ठेवल्यासारखी. स्वप्न पडत असेल तर पडू दे, असं वाटलं.

"आजी, ह्यांचं कूळ ठरवताना शास्त्रज्ञ लई घोळले," नात हळूच म्हणाली. "पाय बघून करकोच्यांत घातलं, पंजे बघून बदकांत. मग जनुकं तपासली, तर सगळ्यांत जवळचं नातं निघालं ते हिच्या घराण्याशी."

तिनं बोट दाखवलं. काठाजवळ मूठभर, मातकट टिबुकली पोहत होती.

"ही? त्यांची?" मी म्हटलं. "चल, काहीतरीच."

टिबुकलीनं आमच्याकडे पाहिलं आणि बुडी मारली. पाणी मिटलं. बहीण कितीतरी वेळ तिथंच बघत राहिली. मग गुडघ्यांवर हात ठेवून वाकली.

"ये बाहेर," ती पाण्याला म्हणाली. "गेली बोहारीण."

टिबुकली लांब कुठंतरी वर आली असेल. मीच बहिणीसमोर जाऊन उभी राहिले.

"आले गं."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"झिपऱ्या बघ," ती म्हणाली, आणि माझे पांढरे केस बोटांनी विंचरू लागली.